उतारवयातले दात, हिरड्या, कवळी : तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आईची दाढ काढावी लागली. वय ७४. "वय झालं, दात जायचेच," असं ती वर्षभर म्हणत होती आणि मीही ते खरं मानलं. डॉक्टरांनी काढलेली दाढ दाखवली तेव्हा वरचा भाग जवळजवळ धड होता; कीड होती ती हिरडी मागे सरकून उघड्या पडलेल्या मुळाला, तपकिरी खाचेसारखी. मुळावर इनॅमल (दातावरचं कडक कवच) नसतं, त्यामुळे तिथे कीड लवकर आत शिरते. वेळेत दाखवलं असतं तर कदाचित नुसतं भरून भागलं असतं. ही चुटपुट जात नाही, म्हणून हा धागा. काय उपयोगी पडलं आणि काय चुकलं, दोन्ही लिहा.

---

मी ६८ वर्षांचा. रात्री जीभ टाळूला चिकटायची, पाणी प्यायला तीन-तीनदा उठायचो. दोन वर्षांत चार दात किडले. आयुष्यभर कधी असं झालं नव्हतं. दंतवैद्यांनी तोंड बघायच्या आधी गोळ्यांची यादी मागितली. रक्तदाबाची, लघवीची, झोपेची, ॲलर्जीची. यांतल्या कितीतरी औषधांनी लाळ कमी होते म्हणे. लाळ आम्लाचा जोर मोडते, दातांना खनिजं परत देते. ती आटली की दात उघड्यावर पडतात.

माझी चूक अशी की कोरड घालवायला मी दिवसभर गोड गोळी चघळत होतो, म्हणजे किडीलाच खाऊ घालत होतो. आता पाण्याचे घोट आणि बिनसाखरेचं च्युइंगगम. एक गोळी फिजिशियननी बदलून दिली (आपल्या मनाने कुठलीही बंद करू नका). नेहमीच्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) असतं, मला ५००० ची लिहून दिली आहे. रात्री ब्रश झाल्यावर फक्त थुंकतो, चूळ भरत नाही. फ्लोराइड दातांवर राहायला हवं ना.

---

सासूबाई कवळी रात्रीही काढत नसत. एकदा त्यांच्या टाळूवर बॅटरीचा उजेड टाकला तर कवळीच्या आकाराचा लालभडक पट्टा, अगदी कडेपर्यंत आखल्यासारखा. दुखत काहीच नव्हतं, म्हणून कुणाला पत्ताही नाही. बुरशीचा संसर्ग निघाला.

औषधाने तो गेला. रात्री कवळी काढायला लावणं मात्र फार कठीण गेलं. नातवाने आपलं बोळकं पाहू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मी आधी वाद घातला, त्याची आज लाज वाटते. मग झाकणाचा डबा आणला, तो उशाशी ठेवला. दिवा मालवल्यावर त्या कवळी काढून पाण्यात टाकतात आणि सकाळी सगळ्यांच्या आधी लावतात. गरम पाणी नको, कवळी वाकडी होते. टूथपेस्टने तिला चरे पडतात, म्हणून मऊ ब्रश आणि सौम्य साबण. हिरड्या आणि टाळूही ओल्या कापडाने पुसायचे. आणि कवळी सैल झाली तर नुसत्या चिकटवायच्या पेस्टवर वर्षं काढू नका. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, कवळी पुन्हा बसवून घ्यावी लागते.

---

थोडक्यात लिहितो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, तर दात काढण्याआधी दंतवैद्यांना सांगाच. क्वचित जबड्याची जखम भरतच नाही. पत्नीचं तसं झालं, फार सोसलं तिने. रक्त पातळ करणारी गोळीही सांगा, पण डॉक्टरांना न विचारता थांबवू नका.

---

बाबांना पक्षाघात झाल्यापासून त्यांचे दात मी घासतो. उजवा गाल बधिर, त्यामुळे तिथे घास साठून राहतो आणि त्यांना कळत नाही. आधी बोटाला ओलं कापड गुंडाळून तो काढतो. त्यांना ताठ बसवून मी मागे उभा राहतो, हनुवटीला हात लावतो, दोघंही समोर आरशात बघतो. समोरून ब्रश नेला की ते दचकायचे. पेस्ट वाटाण्याएवढीच. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो, हे नर्सने सांगितलं तेव्हापासून एक रात्र चुकवली नाही. डाव्या हाताने थोडं त्यांचं ते घासतात. ब्रशच्या दांड्यावर स्पंज गुंडाळून जाड केलाय, म्हणजे मुठीत बसतो.

---

दात एकही नसला तरी तपासणी सोडू नका. माझ्या काकांच्या जिभेच्या कडेला फोड होता, "कवळी लागली असेल" म्हणून महिने गेले. कर्करोग होता. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दाखवायचीच.

---

धागा काढणारी मीच. सगळं आईला वाचून दाखवलं. गोळ्यांची यादी करायला बसलो तर अकरा निघाल्या. दाढांच्या फटींत घालायचा बारीक ब्रश आणलाय. पहिल्या दिवशी रक्त आलं आणि ती म्हणाली, राहू दे. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सुजलेल्या हिरडीतून येतंय, हलक्या हाताने चालू ठेवा, आठवडाभरात थांबलं नाही तर घेऊन या. आज चौथा दिवस. कालच्यापेक्षा कमी आहे.