घरचा ग्रुप : हापूसच्या ऑर्डरी

मंदार (पुणे): वहिनी, आमच्या सोसायटीतल्या काकूंनी काल चार मेसेज केलेत. निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही. आता मला विचारतायत, घरी सगळं ठीक ना.

वहिनी: ठीक आहे. पेट्या भरत होते. एका हातात पेंढा, एका हातात आंबा. उत्तर नाकाने देऊ?

ताई (डोंबिवली): 😂😂

मंदार (पुणे): तसं नाही हो. पण लोक दहा ठिकाणी विचारतात, जो आधी बोलेल त्याचा आंबा.

नाना: आम्ही वाशीला दलालाकडे पेट्या लावायचो तेव्हा विक्रीच्या हिशेबाची पट्टी पोस्टाने यायची. आंबा खाऊन लोक हात धुऊन मोकळे, तेव्हा आम्हाला कळे भाव काय लागला. त्यातून हमाली, तोलाई, दलालाचं कमिशन म्हणजे अडत वजा. भाव पडला म्हणाले की पडला. बूथवरून एसटीडी लावून विचारावं तर मीटर पळतोय. त्याच्याकडे बघत काय बोलणार?

दादा: पण पावसाळ्यात आगाऊ पैशाची उचल त्याच दलालाकडून आणायचात ना नाना? फोनवरचं गिऱ्हाईक फवारणीला पैसे देत नाही.

नाना: उचल होती म्हणून तर तोंड उघडता येत नसे.

ताई (डोंबिवली): २०२० ला वाशीचं मार्केट मध्येच बंद पडलं तेव्हा मी बिल्डिंगच्या ग्रुपवर नुसता पेटीचा फोटो टाकला होता. संध्याकाळपर्यंत टेम्पो भरेल एवढी नावं आली. आपली थेट विक्री तिथूनच सुरू झाली.

दादा: आणि ३ जूनला निसर्ग वादळ. कलमं आडवी, दापोलीत वीज नाही, फोनला रेंज नाही. कुणाकडून किती यायचेत ते सगळं फोनमध्ये. तेव्हापासून वही ठेवतो. मंदार हसतो, हसू दे.

मंदार (पुणे): हसत नाही. वहीचा फोटो इथे टाकत जा म्हणतो फक्त.

वहिनी: फोटोंचं नाव नको. परवा एकाने कापलेला आंबा पाठवला, आत साका, गर पांढरट स्पंजासारखा. "बघून देत नाही का?" साका बाहेरून कुणाला दिसलाय? झाडावर जास्त राहिला की साका वाढतो, म्हणून १४ आणे तयार झाला, पूर्ण पिकायच्या आधीच, की झेल्याने, जाळीच्या काठीने, उतरवतो. तर दुसऱ्याचा फोटो, "हिरवाच आहे." अढीत ठेवा म्हटलं, तर अढी म्हणजे काय? पेंढ्यात पिकत घालणं, अजून काय! त्यात पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट. बँकेत आले का बघायला विहिरीपाशी जायचं, पडवीत रेंज कुठे आहे? आत्ताही कठड्यावर बसून लिहितेय, डास फोडतायत.

नाना: दलाल फसवायचा, पण आंबा हिरवा आहे असं त्याने कधी घरी कळवलं नाही.

ओवी (रत्नागिरी): आई, बिझनेस ॲपमध्ये आपोआप उत्तर ठेवता येतं. रविवारी आले की करून देते. साका, अढी, दर, सगळं लिहू. आपला जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, नोंदणी नंबरही टाकू. हापूसला जीआय २०१८ मध्येच मिळालंय, तरी कुठलाही आंबा देवगड म्हणून खपवतातच.

ताई (डोंबिवली): ते कर गं. पण एक बोलू का? भाव आज आपण ठरवतो, ही मोठीच गोष्ट आहे नाना. फक्त दलालाचं काम काही संपलं नाही, ते वहिनीकडे आलं. अडत मात्र तिला कुणी देत नाही.

दादा: 🙏 पेटीमागे तिचे वेगळे काढतो.

वहिनी: इथे लिहिलंत, सगळ्यांनी वाचलंय. आता ऐका. सकाळी फोन ओटीवर राहील, उत्तरं रात्री ८ नंतर. पुण्याच्या तक्रारी मंदारभावजींनी बघायच्या, डोंबिवली-ठाण्याच्या ताईंनी.

मंदार (पुणे): चालेल. साका निघाला तर पैसे परत करायचे की आंबा द्यायचा?

वहिनी: आंबा. पुढच्या गाडीत. आणि काकूंना सांगा, त्यांच्या दोन पेट्या गुरुवारी निघतील.