विषय: लीज मधेच सोडलं तर?

नमस्कार मंडळी,
खालचा प्रश्न आपल्या एका सभासदाचा आहे. घरमालकही याच ईमेल लिस्टवर असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून नाव टाकू नका असं त्यांनी सांगितलंय. कृपया अंदाज बांधत बसू नये.
— लिस्ट संचालक

«कॅलिफोर्नियातच, एका टाउनहाउसमध्ये तीन वर्षं भाड्याने राहतोय. भाडं 3,200 डॉलर, डिपॉझिटही तेवढंच. लीज फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे, पण नोकरी सिअ‍ॅटलला हलतेय आणि सप्टेंबरअखेर निघावं लागणार. मालकांना कळवलं तर म्हणाले, उरलेल्या पाच महिन्यांचं भाडं भरा, आणि लीज मोडलंत म्हणून डिपॉझिट जप्त. वर रंग आणि कार्पेटचा खर्चही तुमचाच. मागच्या आठवड्यात तर न सांगताच आले आणि "जरा बघून जातो" म्हणत थेट आत. हे सगळं कायद्यात बसतं का?»

—

उत्तर:
मालक असं करूच शकत नाहीत! सरळ शेवटच्या महिन्याचं भाडं देऊ नका, डिपॉझिटमधून वळतं करा म्हणावं. आम्ही तेच केलं, कोणी काही केलं नाही.

—

उत्तर:
वरचा सल्ला मनावर घेऊ नये. अरे, तुझं कोणी काही केलं नाही हे तुझं नशीब. भाडं थकलं की मालक तीन दिवसांची नोटीस लावू शकतो (शनिवार-रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या धरायच्या नाहीत), आणि पुढे घर खाली करण्याचा दावा. तो रेकॉर्डवर आला की पुढचं घर मिळताना नाकीनऊ येतात.

मी वकील नाही. आधी भाडेकरू होतो, आता बरीच वर्षं एक घर भाड्याने देतोय, आणि स्मॉल क्लेम्समध्ये (लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) दोनदा उभा राहिलोय. त्यातला एक दावा हरलो.

आधी डिपॉझिट. "लीज मोडलं म्हणून जप्त" असं काही नसतं. सिव्हिल कोड (कॅलिफोर्नियाचा नागरी कायदा) कलम 1950.5 प्रमाणे डिपॉझिट परत न मिळणारं ठेवताच येत नाही. थकलेलं भाडं, राहायला आलात तेव्हा जितकं स्वच्छ होतं तितकं करण्याचा खर्च आणि नेहमीच्या वापरापलीकडची मोडतोड, मुख्यतः एवढंच त्यातून कापता येतं. घर सोडल्यापासून 21 दिवसांत कलमवार हिशेब आणि उरलेली रक्कम मालकाने तुम्हाला दिली किंवा पाठवली पाहिजे. दुरुस्ती आणि सफाईची कपात मिळून 125 डॉलरच्या वर गेली तर पावत्याही जोडाव्या लागतात. मी हरलो तो इथेच. हिशेब सेंट-न्-सेंट बरोबर होता, पण पाठवला 26व्या दिवशी. पूर्ण डिपॉझिट परत करावं लागलं. न्यायाधीशांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही.

रंग आणि कार्पेट: तीन वर्षं राहिलेल्या घराचा रंग फिका पडणारच, तो नेहमीचा वापर. कार्पेट खरंच खराब केलं असेल तरी नव्याकोऱ्याची किंमत मागता येत नाही, जुन्याचं जितकं आयुष्य उरलं होतं तितकाच हिस्सा. आठ वर्षं टिकणारं कार्पेट सहा वर्षांचं झालं असेल तर पाव भाग.

न सांगता आत येणं चूक. आणीबाणी नसेल तर लेखी नोटीस हवी, साधारण 24 तास आधी. पण आता यावरून भांडू नका. एक सौम्य ईमेल टाकून ठेवा म्हणजे नोंद राहील.

पाच महिन्यांच्या भाड्याचं मात्र नीट वाचा, तिथेच सगळे घसरतात. सर्वसाधारण नियम (1951.2) असा की मालकाला हातावर हात ठेवून भाडं मोजत बसता येत नाही, रास्त प्रयत्नाने टळलं असतं तेवढं नुकसान त्याला वसूल करता येत नाही. मात्र ते टळलं असतं हे सिद्ध करणं तुमच्या डोक्यावर. म्हणून तुम्ही मालकांना सुचवलेल्या नव्या भाडेकरूंची नावं आणि त्यांना मिळालेली उत्तरं जपून ठेवा. आजूबाजूची तशीच घरं किती दिवसांत गेली, त्या जाहिरातींचे स्क्रीनशॉटही.

याला एक अपवाद आहे, 1951.4. लीजमध्येच तसं लिहिलं असेल आणि पोटभाडेकरू ठेवायची किंवा लीज दुसऱ्याच्या नावावर करायची रास्त मुभा तुम्हाला असेल, तर मालक लीज चालूच ठेवून दर महिन्याचं भाडं मागू शकतो. आधी लीज वाचा, मग मालकांना नावं ठेवा.
— सगळ्यांचे काका

—

उत्तर:
काकांनी सांगितलंय त्यात एकच भर. निघायच्या आधी शेवटच्या दोन आठवड्यांत घराची पाहणी करून मागायचा तुम्हाला हक्क आहे. मालक काय काय कापणार ते यादीत लिहून देतात आणि ते तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता. आम्हाला यादी मिळाली तेव्हा 180 डॉलरचं "दाराचं नुकसान" म्हणजे तीन खिळ्यांची भोकं निघाली. चार डॉलरचा भराव्याचा डबा, अर्धा तास, काम संपलं. आणि फोटो काढा, फ्रिजच्या मागचेसुद्धा.
— तुमची ताई

—

«(संचालकांमार्फत) सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं ऐकून काल रात्री लीज काढलं. आजवर फक्त सही केलेलं पान पाहिलं होतं. पान 7 वर तेच कलम आहे: मालक लीज चालू ठेवून दर महिन्याचं भाडं मागू शकतो, मालकाच्या संमतीने लीज दुसऱ्याच्या नावावर करता येईल, आणि ती संमती विनाकारण नाकारता येणार नाही. म्हणजे पाच महिन्यांच्या बाबतीत मालक चूक नव्हते, डिपॉझिटच्या बाबतीत होते. किचनच्या काउंटरवर हळदीचा एक डाग आहे, तो नेहमीच्या वापरात धरतात का?»

—

उत्तर:
नाही. तो तुमचा. पाहणीच्या आधी कोणाला तरी बोलावून काढून घ्या. आणि पोटभाडेकरूपेक्षा लीज स्वतःच्या नावावर करून घेणारा शोधा. पोटभाडेकरूने भाडं बुडवलं तर तुम्ही सिअ‍ॅटलहून भराल. नावावर करतानाही मालकाकडून "यापुढे तुमची जबाबदारी नाही" एवढी एक ओळ लेखी घ्या, नाहीतर तीच गत.
— काका

—

«(संचालकांमार्फत) मग इथेच विचारतो. दोन बेडरूमचं टाउनहाउस, 3,200 डॉलर, 1 ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर, पुढचं मालकांशी बोलून. कोणाला हवं असेल तर संचालकांना लिहा. काउंटरवर डाग आहे, आधीच सांगितलेलं बरं.»