मदत हवी आहे : फिल्टर आणि ऑइल बदलल्यापासून गाडी घाटात ओढत नाही

सिंदफणा
नमस्कार. माझ्या मालट्रकचे ऑइल आणि सगळे फिल्टर नुकतेच बदलून घेतले आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला आहे. सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय इंजिन लागत नाही आणि लागले तरी पहिली काही मिनिटे अडखळत चालते. सपाट रस्त्यावर फारसे जाणवत नाही. मात्र जालन्याहून सळई भरून निघाल्यावर बीडच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट लागला, की गाडीचा दम संपतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही आरपीएम वाढत नाहीत आणि खालच्या गिअरमध्ये कशीबशी वर न्यावी लागते. सर्व्हिसिंगच्या आधी यातले काहीही नव्हते. ज्या गॅरेजमध्ये काम झाले तेथील मिस्त्री म्हणतात, की फिल्टरचे काम नीट झाले आहे, आता डिझेल फवारणारे इंजेक्टर उतरवून तपासायला पाठवावे लागतील. तो खर्च लहान नाही आणि गाडी उभी राहील ते वेगळेच. दोष नेमका कशात असेल? शिवाय ऑइल किती किलोमीटरला बदलावे याचा प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो, तेही स्पष्ट करावे. लवकर उत्तर मिळाल्यास बरे होईल, माल भरण्याची तारीख जवळ आली आहे.

दुधनाकाठ
भाऊ, एवढ्या माहितीवर कोणी काय सांगणार? गाडी कोणत्या सालची, प्रदूषणाच्या मापदंडात बीएस-तीन, चार की सहा? साधा पंप आहे की कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारी पद्धत? ‘सगळे फिल्टर’ म्हणजे ऑइलचा, डिझेलचे दोन्ही आणि हवेचा, असे चारही का? घाटात धूर कसा निघतो, काळा, पांढरा की निघतच नाही? डॅशबोर्डवर एखादा दिवा लागतो का?

बालाघाटी
माझ्या मते ऑइल पातळ भरले गेले आहे. हल्ली सगळीकडे १५डब्ल्यू-४० भरतात, परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि घाटात ते टिकत नाही. मी अनेक वर्षांपासून माझ्या दहाचाकीत २०डब्ल्यू-५० वापरतो आणि गाडी उत्तम ओढते. ऑइल बदलून पाहावे.

जुना फिटर
बालाघाटी साहेब, आपल्या अनुभवाचा आदर राखून सांगतो, की ऑइलच्या जाडीमुळे गाडी घाटात अशी एकाएकी बसत नाही. १५डब्ल्यू-४० मधला ४० हा आकडा इंजिन तापल्यानंतरचा दाटपणा सांगतो आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्याला तो पुरेसा आहे. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेतही हीच ग्रेड दिलेली असते. त्याहून जाड ऑइल घातले तर सकाळच्या थंड इंजिनात ते टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते आणि टर्बोचा शाफ्ट त्या वेळी कोरडा फिरतो. धागाकर्त्यांनी ऑइल तूर्त बाजूला ठेवावे आणि दुधनाकाठ यांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

मांजराकाठ
हवेचा फिल्टर पाहा. लातूर भागात ऊसवाहतुकीच्या गाड्यांमध्ये दर हंगामात हेच दिसते. क्लीनर जाळी बाहेर काढतो, टायरवर आपटून धूळ झटकतो आणि परत बसवतो. आपटण्याने फिल्टरच्या टोकाचा रबरी काठ दबतो, त्या फटीतून फुफाटा थेट आत जातो आणि लायनर-पिस्टन वेळेआधीच झिजतात. फिल्टर काढल्यावर आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या पाइपातून बोट फिरवावे. बोटाला बारीक पिवळट धूळ लागली, तर फिल्टर नवा असला तरी बसवण्यात दोष आहे. आतला छोटा फिल्टर कधीही फुंकून वापरू नये, तो थेट बदलावा. बाहेरचा फुंकायचाच झाला तर आतून बाहेर, कमी दाबाने फुंकावा.

सिंदफणा
उत्तरे देतो. २०१८ चे मॉडेल आहे, बीएस-चार, सहा सिलिंडर, कॉमन रेल, धूर साफ करणाऱ्या यूरियाची टाकी आहे. चारही फिल्टर बदलले. काळा धूर अजिबात नाही. सकाळी लागताना पांढुरका धूर येतो आणि नंतर साफ होतो. कोणताही दिवा लागत नाही. ऑइल काडीवर दोन्ही खुणांच्या मध्ये आहे. डिझेल कोठेही गळत नाही, मी स्वतः खाली जाऊन पाहिले आहे. हवेचा फिल्टर नवाच आहे, त्यामुळे तो विषय नको. मला एवढेच सांगा, की इंजेक्टर उतरवायचे की नाही?

जुना फिटर
नाही, अजून उतरवू नका. काळा धूर नाही, ही आपण दिलेली सर्वांत उपयोगी माहिती आहे. इंजिनाला हवा कमी पडली तर डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो; डिझेलच कमी पडले तर धूर न काढता नुसती ताकद जाते. तेव्हा आपल्या गाडीत डिझेल अडते आहे किंवा डिझेलबरोबर हवा येते आहे. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेला दोष आधी ज्या ठिकाणी हात लागला तेथेच शोधावा, हा आमच्या धंद्यातला जुना नियम आहे.

आता ‘गळत नाही’ याविषयी. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतले डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. डिझेलमधले पाणी साठणारा बाऊल असलेला पहिला फिल्टर बहुतेक गाड्यांत याच बाजूला बसवलेला असतो. तेथे फट राहिली, तर चालू इंजिनात डिझेल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. रात्री गाडी उभी असताना त्याच फटीतून हवा शिरते आणि लाइनमधले डिझेल टाकीकडे उतरते, म्हणून सकाळी सेल्फ मारत बसावे लागते. घाटात पूर्ण लोडवर डिझेलची मागणी वाढते, ओढ वाढते, हवाही जास्त येते आणि रेलमधला दाब टिकत नाही. आपली दोन्ही लक्षणे एकाच कारणात बसतात. बाऊल काढून नव्या फिल्टरला लावताना त्याची ओरिंग, म्हणजे रबरी कडी, बदलली होती का, हे मिस्त्रींना विचारा. फिल्टर नवा आणि ओरिंग जुनी, हा प्रकार फार होतो.

खात्री करायची असेल तर पहिल्या फिल्टरनंतर आणि फीड पंपाच्या आधी, डिझेलला चालणारा पारदर्शक पाइपचा तुकडा जोडून इंजिन सुरू करा. आयडलला एखाददुसरा बुडबुडा दिसून थांबला तर हरकत नाही. रेस दिल्यावर बुडबुड्यांची रांग लागली, तर हवा येते आहे हे निश्चित. मात्र पंपाच्या पुढच्या लोखंडी पाइपांना चालू इंजिनात पाना लावू नका. कॉमन रेलमध्ये १,६०० बार आणि त्याहूनही अधिक दाब असतो. ती धार कातडीतून आत शिरते आणि हात गमावण्याची वेळ येते. जुन्या पंपाच्या गाड्यांत नोझलचे नट सैल करून हवा काढायची सवय अनेकांना आहे, ती येथे चालत नाही.

दुधनाकाठ
याला जोडून एक सांगतो. टाकीचे झाकण उघडून पाहा. उघडताना सूं असा आवाज करून हवा आत गेली, तर टाकीची श्वासनळी बुजलेली आहे, आणि तेव्हाही घाटात अशीच ताकद जाते.

बालाघाटी
हवा राहिली असेल तर सोपा उपाय आहे. दोन्ही डिझेल फिल्टर काढावेत, कॅनमधल्या डिझेलने काठोकाठ भरावेत आणि बसवावेत. आम्ही नेहमी असेच करतो आणि गाडी पहिल्या सेल्फला लागते.

जुना फिटर
पहिला फिल्टर भरला तर एक वेळ चालेल, कारण त्याच्या पुढे दुसरा आहे. दुसरा, म्हणजे मुख्य फिल्टर, कॅनमधल्या डिझेलने कधीही भरू नये. तो काही मायक्रॉनचे कण अडवण्यासाठी असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. मधल्या मोठ्या भोकातून ओतलेले डिझेल गाळले न जाता थेट पंपात आणि इंजेक्टरमध्ये जाते आणि कॅनच्या तळाची माती त्याच्याबरोबर जाते. हॅण्ड प्रायमर, म्हणजे लाइनमध्ये डिझेल भरणारा हातपंप, त्यासाठीच दिलेला आहे. तो कडक होईपर्यंत मारावा, मग सेल्फ द्यावा. पाच मिनिटे जास्त लागतात, परंतु इंजेक्टर वाचतात.

बालाघाटी
आम्ही इतकी वर्षे भरतो आहोत, आमचे इंजेक्टर गेले नाहीत.

जुना फिटर
आपली गाडी जुन्या पंपाची असेल तर तिने ते सहन केले असेल. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधली फट इतकी बारीक असते, की तेवढी मातीही त्याला पुरते.

गोदातीर
चर्चा चांगली चालली आहे. एक विनंती करावीशी वाटते. काढलेले जुने ऑइल नाल्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडते, त्यासाठी २०१६ चे केंद्र सरकारचे नियम आहेत आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. आमच्या गावात गॅरेजमागच्या विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसतो. जनावरे ते पाणी पीत नाहीत.

सिंदफणा
माझ्या दुसऱ्या प्रश्नाला अद्याप कोणी उत्तर दिलेले नाही. ऑइल किती किलोमीटरला बदलावे?

मांजराकाठ
पुस्तिकेत काहीही लिहिलेले असो, दहा हजारांच्या पुढे जाऊ नये. ऑइल आठवड्यात काळे पडते, म्हणजे त्यात दम राहत नाही.

दुधनाकाठ
काळे पडणे हा ऑइलचा दोष नाही. डिझेल जळताना तयार होणारी काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. ती धरली नाही तर तीच काजळी चिखल होऊन तळाच्या ऑइल चेंबरमध्ये बसते. रंगावर जाऊ नये. काडीवरची पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर मात्र इंजिन ताबडतोब थांबवावे. ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात कूलंटचे पाणी उतरते आहे.

अंतर ठरवताना आधी आपल्याच मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा घ्यावा, आणि तोही तिच्यात सांगितलेल्या दर्जाचे ऑइल भरले असेल तरच. बीएस-चारला बहुतेक ठिकाणी सीआय-४ प्लस लागते. बीएस-सहामध्ये धुराच्या फिल्टरमुळे कमी राखेचे सीके-४ भरावे लागते. त्यानंतर काम पाहावे. जालना ते नागपूर समृद्धी महामार्गाने एकसारखी धावणारी गाडी आणि कारखान्याच्या गव्हाणीपुढच्या रांगेत रात्रभर इंजिन चालू ठेवून उभी असलेली उसाची गाडी, या दोघींचे किलोमीटर सारखे मोजता येत नाहीत. उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, ऑइल मात्र वापरले जाते. अशा गाडीने पुस्तिकेतला कठीण वापरासाठीचा कमी आकडा धरावा आणि तासांची नोंद ठेवावी. ऑइलबरोबर ऑइल फिल्टर बदलायचाच. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वरच चिकटून राहिली नाही, हे हात फिरवून पाहावे. एकावर एक दोन रिंगा बसल्या, तर धावत्या गाडीत सगळे ऑइल रस्त्यावर येते.

सिंदफणा
कळवण्यासाठी लिहितो. गावातल्या दुसऱ्या फिटरकडून पारदर्शक पाइप लावून घेतला. आयडलला पाइप स्वच्छ होता. रेस देताच मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे सलग येऊ लागले. बाऊल उतरवला तेव्हा ओरिंग चपटी झालेली आणि एका जागी चिरलेली होती. फिल्टरच्या खोक्यात नवी ओरिंग आलेली असते, ती बसवलेलीच नव्हती. नवी ओरिंग डिझेलमध्ये बुडवून बसवली आणि प्रायमर मारला, तेव्हा बुडबुडे थांबले. काल माल भरून मांजरसुंबा चढलो, गाडीने नेहमीसारखे ओढले. आज सकाळी पहिल्या सेल्फला लागली. इंजेक्टरला हात लावला नाही. जुना फिटर आणि दुधनाकाठ, आपले मनापासून आभार.

एक विचारायचे राहिले. बाऊलमधले पाणी किती दिवसांनी सोडावे?

जुना फिटर
रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी. रात्रभरात पाणी तळाशी बसलेले असते. खालचा नळ सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडावे आणि नळ हातानेच बंद करावा, पान्याने आवळल्यास प्लास्टिकचे आटे जातात. पावसाळ्यात टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या भागात दव धरत नाही. एखाद्या पेट्रोल पंपावर डिझेल भरल्यानंतर बाऊलमध्ये नेहमीपेक्षा जास्त पाणी आले, तर पुढच्या वेळी दुसऱ्या पेट्रोल पंपावर भरावे. ज्या किलोमीटरला फिल्टर बसवला तो आकडा फिल्टरवरच मार्करने लिहून ठेवा.