कार्ब एस्टीम १.३: टायमिंग किती पुढे घ्यायचं?

टपोरी_टॅपेट:
ऑटोक्रॉससाठी जुनी कार्ब (कार्ब्युरेटरवाली) मारुती एस्टीम. १२९८ सीसी, पिस्टन-कॅम स्टॉक, हेडर आणि फ्री-फ्लो (मोकळा एक्झॉस्ट) बसवलेत. टायमिंग पुढे घ्यायला, म्हणजे ठिणगी लवकर पडावी म्हणून, डिस्ट्रिब्यूटर अंदाजाने फिरवल्यावर पिकअप वाढला, पण तिसऱ्यात २५०० ला पूर्ण थ्रॉटल दिला की टकटक येते. इंजिन गरम असताना सेल्फही अडखळतो. पेट्रोल साधं. नक्की किती अंशांवर ठेवू?

पुलीची_खूण:
टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) न लावता फिरवलंय ना? मग आकडा सांगून उपयोग नाही. आधी क्रँकच्या पुलीवरची टीडीसीची (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) खूण खरी आहे का बघा. सगळे प्लग काढा, एक नंबरमध्ये पिस्टन स्टॉप (प्लगच्या भोकात बसवून पिस्टन अडवणारा दांडा) लावा आणि क्रँक पान्याने हळूहळू दोन्हीकडून टेकेपर्यंत फिरवा. दोन्ही वेळा पुलीवर रेघ मारा, बरोबर मध्यावर टीडीसी. मग पुलीचा व्यास मोजा. १३० मिमी असेल तर परिघावर एक अंश १.१३ मिमी, म्हणजे ३२ अंशांची खूण टीडीसीपासून ३६ मिमीवर, क्रँक फिरतो त्या दिशेला. पांढऱ्या रंगाची बारीक रेघ पुरे.

डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूमचा पाइप काढून कार्बकडचं तोंड बंद करा. आयडलला आकडा घ्या, मग खूण सरकायची थांबेपर्यंत रेस वाढवा. तो आकडा म्हणजे टोटल ॲडव्हान्स (ठिणगी टीडीसीच्या आधी जास्तीत जास्त किती अंशांवर पडते ते), आणि वरच्या आरपीएमची ताकद त्यावर ठरते. स्टॉक इंजिनला २८ पासून सुरू करून दोन-दोन अंश वाढवा. बंद ट्रॅकवर तिसऱ्यात ६० ते १०० ची वेळ घ्या. वेळ कमी व्हायची थांबली की दोन अंश मागे या. तिथून पुढे ताकद वाढत नाही, फक्त नॉकिंग (ती टकटक) जवळ येतं.

काँटा_पॉइंट:
सेल्फ अडखळतो म्हणजे इनिशियल (आयडलचा ॲडव्हान्स) जास्त आहे; पिस्टन वर यायच्या आतच स्फोट त्याला मागे ढकलतो. २५०० ची टकटक वेगळी. तिथे सिलिंडर चांगला भरतो आणि उरलेल्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळही मिळतो. हलक्या स्प्रिंगा टाकल्या असतील तर ॲडव्हान्स लवकर येऊन नेमका तिथेच मार बसतो. डिस्ट्रिब्यूटरच्या आतली वजनं (रेस वाढली की बाहेर फेकली जाऊन ॲडव्हान्स वाढवणारी) पिनांवर मोकळी हलतात का पाहा. व्हॅक्यूमच्या डायफ्रामचा पाइप तोंडाने ओढून जीभ लावा, प्लेट सरकून तशीच थांबली पाहिजे. परत आली तर डायफ्राम फाटलाय. पूर्ण थ्रॉटलला त्याचा उपयोग नाही, पण रस्त्यावर चालवायची तर तो हवाच.

बारीक_कान:
फ्री-फ्लोच्या आवाजात वरचं नॉकिंग ऐकूच येत नाही, आणि पिस्टन तेच खातं. ८ मिमी तांब्याच्या नळीचं टोक चेपून भोक पाडा, ब्लॉकच्या बोल्टखाली आवळा, दुसऱ्या टोकाला रबरी पाइप लावून इअरमफपर्यंत न्या. शिवाय पूर्ण थ्रॉटलवरून थेट इग्निशन बंद करून प्लग काढा. पोर्सिलिनवर काळी मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके किंवा चमकते कण दिसले तर टायमिंग लगेच मागे. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) वर कार्बचा मेन जेट (पेट्रोलचं मुख्य भोक) तोच ठेवलात तर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, तेव्हा आधी जेटिंग.

टपोरी_टॅपेट:
लाइट लावला. आयडलला १८, ३२०० ला ४२ वर थांबतं.

पुलीची_खूण:
म्हणजे मेकॅनिकल (वजनांनी वाढणारा) ॲडव्हान्स २४. दहा अंश कमी करा, ८ आणि ३२ होईल. डिस्ट्रिब्यूटर मात्र पाचच अंश फिरवायचा, कारण तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. रोटर फिरतो त्याच दिशेला बॉडी फिरवली की टायमिंग मागे येतं. सैल करण्याआधी बॉडी आणि हेडवर मिळून खिळ्याने एक रेघ ओढा.