कुलूप आधी कपाटाचं काढा

मोबाइल काढून घेतल्याशिवाय मुलं वाचणार नाहीत, असं मत परवा वाचलं, ते काही पटलं नाही. मी आधी होतो त्या शाळेत पुस्तकं भरपूर, पण कुलूपबंद. हरवलं तर भरून कोण देणार, ही धास्ती! १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनाचे फोटो निघायचे; १६ला पुस्तकं परत आत. उलट पाचगणीजवळचं भिलार बघा. २०१७पासून तिथे लोकांच्या घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही उचलावं, बसून वाचावं. (स्ट्रॉबेरीच्या हंगामात गेलात तर चंगळच.) आता आम्ही वर्गात दोरी बांधून पुस्तकं लटकवतो. फाटतात, हो. मग मुलंच खळ लावून चिकटवतात आणि चिकटवता चिकटवता वाचत बसतात.