सामूहिक गोधडीतील वाकडे टाके उसवावेत का?

पूर्वभाग_रविवार (प्रश्न)

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आमचा एक छोटा स्वयंसेवी गट आहे. नोंदणी, पदाधिकारी, लेटरहेड असे काही नाही. एका गल्लीतील आणि शेजारच्या दोन अपार्टमेंटमधील वीस-बावीस जण आहोत, त्यांत बहुतेक स्त्रिया, तीन निवृत्त पुरुष आणि शाळेला सुट्टी असली की येणारी काही मुले. गेल्या दिवाळीनंतर आम्ही समाजमंदिरात दर रविवारी दुपारी बसून गोधड्या शिवायला सुरुवात केली. चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांतून मिळणारे काठ व डागी तुकडे आणि घरोघरच्या जुन्या सुती साड्या एवढेच आमचे भांडवल. रुग्णाच्या सोबतीला राहून रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपणाऱ्या नातेवाइकांना गोधड्या द्यायच्या असे ठरले होते आणि पहिल्या चार आम्ही तशा दिल्याही.

आमच्याकडे मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा एकाच सतरंजीवर चालतात. समोर पसरलेल्या त्याच वस्तूला कोणी वाकळ म्हणते, कोणी बोंत, कोणी कौदी, आणि प्रत्येकीची शिवण्याची रीत माहेरची. सुरुवातीला याची मौज वाटत होती.

अडचण पाचव्या गोधडीच्या वेळी आली. आमच्यातील एक अक्का शिवणकामात सर्वांत तरबेज आहेत आणि समाजमंदिराची किल्लीही त्यांच्याकडेच असते. इतरांचे वाकडे किंवा लांब पडलेले टाके त्या आठवड्यात रात्री बसून उसवत आणि आपल्या हाताने पुन्हा घालत, हे आम्हाला माहीत नव्हते. विड्या वळणाऱ्या एका मावशींनी हिरव्या दोऱ्याने भरलेला कोपरा पुढच्या रविवारी पांढऱ्या दोऱ्यात दिसला. मावशी काहीच बोलल्या नाहीत; त्या दिवसापासून येईनाशा झाल्या आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या आणखी तिघीही थांबल्या. पाणी येण्याचा दिवस रविवारी आला किंवा गड्ड्याची यात्रा सुरू असली की उपस्थिती रोडावते, याची आम्हाला सवय आहे, पण हे रोडावणे तसले नाही.

अक्कांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘फुकट द्यायचे म्हणून वाईट द्यायचे का?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ज्याला गोधडी मिळणार, त्याचाही विचार करायला हवाच. म्हणून विचारते: असे टाके उसवावेत की राहू द्यावेत? शिवाय टॉवेलचे तुकडे आत घातलेली एक गोधडी पहिल्याच धुण्यात आकसून तिच्यात गोळे झाले, ते कशामुळे? आणि काही जण आता गोधड्या विकू या म्हणतात, त्याबद्दलही अनुभवी मंडळींनी लिहावे.

वाकळ_मोहोळ

ताई, मी गेली तीस वर्षे घरच्या आणि गावच्या वाकळी शिवते, त्या आधाराने लिहिते. धावदोऱ्याचे काम थर एकमेकांना धरून ठेवण्याचे आहे. ओळ वाकडी गेली म्हणून थर सुटत नाहीत. टाका मात्र फार लांब पडला तर अंथरुणात पायाचे बोट त्यात शिरते, बाईची जोडवी अडकतात आणि एक टाका ओढला गेला की शेजारचे चार ढिले होतात. आमच्याकडे करंगळीच्या पेराहून टाका लांब नको असा दंडक आहे. जो टाका या मापात बसतो आणि ज्याने खालचा थर धरला आहे, तो कितीही वाकडा असो, त्याला हात लावू नये. जो खालपर्यंत पोचलेलाच नाही तो उसवावा, पण दिवसा, सर्वांसमोर, आणि ज्याने घातला त्यानेच.

आता जे लिहिते ते अक्कांना जरूर वाचून दाखवा. नवशिक्यांचे टाके बहुतेक वेळा हातामुळे वाकडे जात नाहीत. थर नीट टाचलेले नसल्यामुळे जातात. जमिनीवर खालची साडी ताणून घ्यावी, मधले थर तळहाताने मधून कडेकडे सारत बसवावेत, वरची साडी घातल्यावर वीतभर अंतराने मोठे कच्चे टाके घालून संपूर्ण गोधडी टाचून घ्यावी, आणि मगच चौघींना चार बाजूंना बसवून कडेपासून आत फेरे घालायला लावावेत. टाचण कमी पडले की प्रत्येकीच्या ओढीप्रमाणे कापड सरकते, मध्ये फुगा येतो आणि तो फुगा चुकवताना ओळ तिरकी होते. दोष मात्र शेवटच्या फेऱ्याला बसलेल्या बाईच्या माथी येतो. टाचणे हेच सर्वांत कसबाचे काम आहे. ते अक्कांकडे सोपवा, त्यांना रात्री उसवायला काही उरणार नाही.

निवृत्त_मागवाला

आकसण्याबद्दल सांगतो, कारण टॉवेलच्या मागावर माझी उमेदीची वर्षे गेली. टॉवेलला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच, असतात. एक घट्ट ओढलेला, ज्यावर कापड उभे राहते, आणि दुसरा ढिला सोडलेला, ज्याचे फासे म्हणजेच टॉवेलची लव बनते. जुन्या साडीने शेकडो धुणी पाहिलेली असतात, ती आता आकसत नाही. कारखान्यातून आलेल्या टॉवेलच्या तुकड्याला मात्र पाणी लागलेलेच नसते. मागावर ताणून धरलेले सूत पहिल्या धुण्यात सैल होऊन मागे येते, आणि बाहेरची साडी आहे तेवढीच राहते. मग गोळे होणारच.

उपाय साधा आहे. कापण्यापूर्वी सगळे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवून उन्हात कडक वाळवावेत, आणि शक्य असल्यास असे दोनदा करावे. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येते हे खरे, म्हणून पाण्याच्या दिवशी गल्लीतील पाच-सहा घरांनी एकेक बादली वाटून घ्यावी. गडद लाल, काळा आणि निळा रंग असेल तर ओल्या तुकड्यावर पांढरा कपडा दाबून पाहावा. डाग पडला तर तो तुकडा साडीजवळ ठेवू नये. जकार्डच्या, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या, चादरीचे तुकडे मधल्या थरात घालू नका. ते कापड इतके जाड असते की हाताची सुई अडते, आणि तुमच्या मावशींचा टाका लांब पडण्यामागे कदाचित तेच कारण असेल. चादरीच्या काठाचा बाहेरून गोट लावा. गोधडी प्रथम कडेलाच झिजते आणि तिथे हे कापड वर्षानुवर्षे टिकते.

जुळे_सोलापूर_वाचक

मोहोळच्या ताईंचे बरेचसे पटते, पण ‘सर्वांसमोर, ज्याने घातला त्यानेच उसवावा’ हे मला मान्य नाही. आयुष्यभर मजुरीच्या कामात ‘हे परत कर’ असे ऐकत आलेल्या बाईला रविवारीही तेच ऐकवले तर ती पुन्हा कशाला येईल? विड्या वळणाऱ्या बायकांच्या मालातील काही विड्या रोजच खराब म्हणून बाजूला काढल्या जातात. त्या मावशींना पांढरा दोरा पाहून काय आठवले असेल, याचा विचार करावा.

त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःचा वेगळा तुकडा द्यावा. अमेरिकेत १९८७ साली एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ एक प्रचंड सामूहिक गोधडी सुरू झाली. तिच्यातील प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट मापाचा असतो, तो त्या माणसाच्या आप्तांनी घरी किंवा गटात बसून केलेला असतो आणि असे आठ तुकडे जोडून १२ फुटांचा चौरस होतो. शिवणकाम कधीच न केलेल्या असंख्य लोकांचे हात त्यात आहेत. माप सर्वांना सारखे, आतील हात ज्याचा त्याचा, त्यामुळे दुसऱ्याच्या टाक्याला हात लावण्याचा प्रसंगच येत नाही.

विक्रीबद्दल थोडक्यात लिहितो. पैसे येऊ लागले की ते कोणाच्या खात्यात, हा प्रश्न येतो. मग १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ सभासद, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, दरवर्षी हिशेब, हे सगळे ओघाने आले. मुख्य म्हणजे विकायची वस्तू म्हटली की अक्कांचीच बाजू बळकट होते, कारण गिऱ्हाईक टाके मोजते. तरीही विकायचेच असेल तर चिठ्ठीवर ‘सोलापुरी चादर’ असे लिहू नका. त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि १९९९ च्या कायद्याने ते संरक्षित आहे. ‘चादरीच्या काठाची गोधडी’ असे लिहिल्यास वस्तूचे खरे वर्णनही होईल.

वाकळ_मोहोळ

विड्यांची गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ते माझे म्हणणे मागे घेते. पण वेगळ्या तुकड्यांबद्दल एक सांगणे आहे. ती अमेरिकेतली गोधडी प्रामुख्याने स्मरणासाठी आणि पाहण्यासाठी आहे, तुमची फरशीवर अंथरली जाणार आहे. तुकड्यांचा जोड नेहमी आधी उसवतो. तुकडे करायचेच तर फक्त वरच्या थराचे करावेत, खाली आणि मध्ये अखंड साडी घालावी आणि प्रत्येक जोडावरून एक धावदोरा जावा.

पूर्वभाग_रविवार

सर्वांचे आभार. विक्रीचा विषय आम्ही तूर्त बाजूला ठेवला आहे. उरलेले तुकडे काल पाणी आल्यावर भिजवले. त्यांतील लाल काठांनी एवढा रंग सोडला की बादलीही गुलाबी झाली, ते वेगळे काढले आहेत. सहावी गोधडी वरच्या थराला प्रत्येकाचा एकेक चौकोन, असे करू.

मावशींच्या घरी मी शुक्रवारी संध्याकाळी जाऊन आले. विड्यांचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. हिरवा दोरा घरी आहे का, एवढे विचारले, तेव्हा त्यांनी फळीवरच्या डब्यातून रीळ काढून माझ्या हातात दिले, पण रविवारी येईन असे म्हणाल्या नाहीत. टाचण्याचे काम अक्कांनी घ्यावे असे मी त्यांना सुचवले. त्यांनी मोहोळच्या ताईंचे लिहिणे दोनदा वाचायला लावले, होकार दिला, आणि जाताना समाजमंदिराची किल्ली माझ्याकडे दिली. ती रागाने दिली की रात्री उसवायचा मोह नको म्हणून दिली, हे मला अजून कळलेले नाही.