गन शोमधली माउझर ‘ऑल मॅचिंग’ म्हणतायत, नंबर नंतर मारलेत का हे कसं ओळखायचं?

ओहायोकर
मंडळी नमस्कार. जुन्या लष्करी रायफलींचा नाद असलेले इथे दोन-चार जण आहेत हे आधीच्या धाग्यांवरून माहीत आहे म्हणून विचारतोय. शनिवारी इथल्या गन शोमध्ये एक माउझर के९८के (दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची रायफल) बघितली, रिसीव्हरवर (बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात तो मुख्य भाग) बीवायएफ ४३, म्हणजे ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याची १९४३ ची. विकणारा म्हणतो ऑल मॅचिंग आहे, म्हणजे सगळ्या पार्टांवर त्याच रायफलीचा नंबर, आजोबांनी युद्धातून परत येताना आणलेली, आणि पैसेही त्याच हिशोबाने मागतोय, मिसमॅच बोल्टवाली (बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) जेवढ्याला मिळते त्याच्या दुपटीच्या वर. रिसीव्हरवर ७१४८ आणि खाली एक अक्षर, बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी ७१४८, ट्रिगर गार्ड, फ्लोअरप्लेट (मॅगझिनच्या खालचं झाकण), दोन्ही बँड (बॅरल आणि लाकूड धरून ठेवणारी कडी), साइट लीफ (मागच्या साइटची पट्टी) सगळीकडे ४८. दिसायला एक नंबर. पण बोल्टवरचा ४ रिसीव्हरवरच्या ४ सारखा वाटला नाही, वरून उघडा आहे, आणि फ्लोअरप्लेटवरचा ४८ जरा जास्तच ठसठशीत. मी तिथे काही बोललो नाही. रविवारी शो चालू आहे, परत जाऊन बघू शकतो. सी अँड आर लायसन्स (जुन्या संग्राह्य बंदुकांसाठीचा फेडरल परवाना) आहे त्यामुळे कागदाची अडचण नाही, फक्त फसायचं नाहीये. नेमकं काय बघू?

टेक्सास_तात्या
अरे बाबा, ‘ऑल मॅचिंग’ आणि ‘आजोबांनी आणलेली’ ही दोन वाक्यं एकत्र आली की आधी खिशावर हात ठेवायचा :)

पहिलं म्हणजे त्या ४ वरून लगेच काही ठरवू नकोस. कारखान्यात रिसीव्हरवर नंबर मारणारा वेगळा, बोल्टवाला वेगळा, बारक्या पार्टांचे पंच तर आकारानेच लहान, त्यामुळे एकाच अस्सल रायफलवर दोन तऱ्हेचा ४ सापडू शकतो. तुलना करायची ती बोल्टची बोल्टशी, म्हणजे त्याच कारखान्याच्या, त्याच वर्षाच्या आणि जमलं तर त्याच अक्षराच्या दुसऱ्या रायफलींच्या बोल्टच्या फोटोंशी. कलेक्टर लोकांनी असे ढीगभर फोटो टाकून ठेवलेत, आज रात्रीच शोधून फोनमध्ये घेऊन ठेव.

दुसरं, नकली काम कुठे होतं ते समजून घे. अमेरिकन कायद्यात रिसीव्हर म्हणजेच बंदूक, त्याच्यावरचा सीरियल नंबर खोडणं किंवा बदलणं हा फेडरल गुन्हा, तसली बंदूक नुसती जवळ ठेवली तरी अडकतोस. म्हणून हे लोक सहसा रिसीव्हरला हात लावत नाहीत, बाकीचे पार्ट त्याच्या नंबरला आणून जुळवतात. आणि त्यात सगळ्यात जास्त बोल्ट, कारण जर्मन सैन्याने शस्त्रं टाकली तेव्हा रायफली एका ढिगात आणि बोल्ट दुसऱ्या ढिगात असा प्रकार खूप ठिकाणी झाला, मग सैनिकाने घरी आणताना हाताला लागला तो बोल्ट घातला. आजोबांनी खरोखर आणलेल्या रायफलीतही बोल्ट दुसऱ्याचा असणं अगदी कॉमन आहे. बोल्ट जुळला की किंमत उडी मारते, म्हणून कारागिरी तिथेच.

आता ठसा कसा वाचायचा. फॅक्टरीत बहुतेक नंबर आधी मारायचे आणि ब्लूइंग (गंज लागू नये म्हणून धातूला दिलेला काळपट निळा रंग) नंतर, त्यामुळे आकड्याच्या खोलगट तळातही तोच रंग, तेवढाच जुना, आणि कडांना पंचामुळे वर आलेला धातू ऐंशी वर्षांच्या हाताळणीने घासून गुळगुळीत झालेला. नंतर मारलेल्या आकड्यात तळ चकचकीत तरी दिसतो नाहीतर बाटलीतलं कोल्ड ब्लू ओतून काळा केलेला असतो, तो काळा वेगळाच दिसतो, जरा राखाडी. कडा बोटाला लागतात. तुला फ्लोअरप्लेट ‘ठसठशीत’ वाटली म्हणतोस तिथे हेच बघ. दहा पटीचं भिंग आणि टॉर्च घेऊन जा, टॉर्च समोरून नको, आडवी धर, म्हणजे जुना नंबर कानशीने काढला असेल तर तिथला खड्डा सावलीत दिसतो. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी मूळ गोलाई असते, ती सपाट झालेली दिसली की समजायचं काहीतरी उडवलंय. काही जण वेल्ड भरून परत घडवतात, मग बारीक छिद्रं राहतात.

पण खरी पंचाईत दोन आकड्यांच्या पार्टांची आहे. बारक्या पार्टांवर नंबरचे फक्त शेवटचे दोन आकडे, म्हणजे शंभरात एक पार्ट आपोआप ४८ निघणारच. के९८केच्या सुट्या पार्टांनी डबे भरलेले लोक आहेत, एखादा चिकाटीने बसला तर पंच हातात न घेता ४८ चा अख्खा सेट जमवतो. ठसा अस्सल, ब्लूइंग अस्सल, भिंग काय करणार? तिथे पार्ट कुठल्या कारखान्याचा आणि कुठल्या काळातला हे बघावं लागतं. पार्टांवर गरुड आणि त्याच्याखाली नंबर असतो तो इन्स्पेक्टरच्या ऑफिसचा, वाफेनआम्ट म्हणतात. बीवायएफ ४३ वर १३५ अपेक्षित. बँड वगैरे बाहेरून यायचे, तिथे दुसरा नंबर दिसला म्हणून घाबरू नकोस, पण बोल्टच्या दांड्याखाली कुठला नंबर आहे ते वाचल्याशिवाय परत येऊ नकोस.

आणि युद्धाच्या शेवटी शेवटी तर बऱ्याच बारक्या पार्टांवर नंबर मारायचंच बंद केलं होतं. तुझी ४३ ची आहे म्हणून ठीक, पण कुणी १९४५ ची रायफल दाखवून प्रत्येक स्क्रूपर्यंत मॅचिंग म्हणाला तर हसून पुढच्या टेबलावर जा.

पुणेरी_थ्रीनॉटथ्री
तात्यांनी मस्त सांगितलं. एकच भर घालतो, प्रत्येक बदललेला नंबर म्हणजे लबाडी नव्हे. माझा अभ्यास ली-एनफिल्डचा, म्हणजे ब्रिटिशांच्या थ्री नॉट थ्रीचा (अभ्यासच, आपल्याकडे ती घरी आणून ठेवायचा प्रश्नच येत नाही, ती बघायची पूर्वी हवालदाराच्या खांद्यावर, आता बहुतेक म्युझियममध्ये). त्यात रिसीव्हर, बॅरल, बोल्ट, मागची साइट, नोजकॅप (पुढच्या टोकाची लोखंडी टोपी) आणि पुढच्या लाकडाच्या खाली नंबर असतो, आणि बोल्ट बदलला की आर्मरर (सैन्यातला हत्यारं दुरुस्त करणारा) जुना नंबर रेघ मारून खोडायचा आणि शेजारी नवा मारायचा. ब्रिटिशांनी केलं, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत केलं, रोजचं काम होतं ते, कारण बोल्ट आणि रिसीव्हर एकमेकांना नीट बसलेत हे तपासूनच जोडी लावायची. तो नंबर नंतरचा आहे पण खोटा नाही, कुणाला फसवायला मारलेला नाही. खोडलेला जुना नंबर तसाच वाचता येतो हीच त्याची खूण. नकली करणारा जुना नंबर दिसूच देत नाही.

आणि जुना नंबर फार खोल घासला नसेल तर पंचाखाली दाबला गेलेला धातू आत राहतोच. पोलिसांचे बॅलिस्टिक्सवाले चोरीच्या हत्यारांवरचे खोडलेले नंबर अ‍ॅसिड लावून वर आणतात ते याच्याच जोरावर. अर्थात गन शोमध्ये अ‍ॅसिडची बाटली काढलीत तर तो माणूस तुम्हाला हाकलेल.

खडकीवाला
विकणाऱ्याकडे कागद आहे का विचारा. अमेरिकन सैनिकांना लुटीची वस्तू घरी न्यायला ऑफिसरच्या सहीचा कागद मिळायचा. पण पुष्कळदा त्या कागदावर सीरियल नंबर नसतोच, नुसतं ‘एक जर्मन रायफल’. असा कागद कुठल्याही रायफलीला चिकटवता येतो. कागद खरा, रायफल दुसरीच.

ओहायोकर
सगळ्यांचे आभार. आज परत जाऊन आलो. भिंग काढल्यावर विकणाऱ्याचा चेहरा जरा बदलला पण बोल्ट बाहेर काढून हातात दिला. दांड्याच्या खाली गरुड आहे आणि नंबर ६२३. वरचा ७१४८ बघितला तर तळ काळा आहे पण तात्या म्हणाले तसा राखाडी, आणि एका कडेला बोट अडकतं. फ्लोअरप्लेटचं मला नक्की सांगता येत नाही. ट्रिगर गार्ड मला तरी ठीक वाटला. आणि एक, बॅरलच्या खालच्या बाजूला तोंडाजवळ अंगठ्याएवढ्या जागेत ब्लूइंगचा रंग वेगळा आहे, हात फिरवला तर किंचित सपाट लागतं. हँडगार्ड (बॅरलवरचं लाकूड) काढून आतला नंबर बघू का विचारलं तर स्क्रूला हात लावायचा नाही म्हणाला. कागद नाही, फक्त आजोबा.

टेक्सास_तात्या
६२३ म्हणजे स्टायरचा, ऑस्ट्रियातला. ओबर्नडॉर्फच्या रायफलीत स्टायरचा बोल्ट कारखान्यातूनच नंबर घालून बसवला असेल हे मला पटत नाही. बोल्ट गेला म्हणजे ‘ऑल मॅचिंग’ गेलं.

पण त्याहून मला ती बॅरलखालची जागा खटकतेय. १९६८ च्या कायद्यापासून बाहेरून आयात केलेल्या प्रत्येक बंदुकीवर आयात करणाऱ्याचं नाव-गाव कोरावं लागतं, आणि बॅरलवर तोंडाजवळ ही त्याची अगदी नेहमीची जागा. सैनिकाने १९४५ ला पिशवीतून आणलेल्या रायफलीवर ते असायचं कारणच नाही. मग तिथे घासायला काय होतं? माझा अंदाज, ही रशियन कॅप्चर आहे. सोव्हिएत लोकांनी पूर्व आघाडीवर ढिगाने के९८के पकडल्या, युद्धानंतर सगळ्या सुट्या करून साफ केल्या, परत ब्लूइंग केलं, लाकडाला शेलॅक (लाखेचं लालसर पॉलिश) मारलं, रिसीव्हरच्या डाव्या बाजूला बहुतेकांवर एक्स मारला, आणि हाताला आले ते पार्ट जोडून बोल्ट-फ्लोअरप्लेटवर इलेक्ट्रिक पेन्सिलने रिसीव्हरचा नंबर खरडला. नंतर त्या इकडे स्वस्तात आल्या. त्यांना परत ‘आजोबांची’ करायचा इथे धंदाच आहे, शेलॅक काढा, एक्स घासा, पेन्सिलचा नंबर घासून पंचाने मारा. कलेक्टर लोक असल्या रायफलीला हम्प्ड म्हणतात. डावीकडे रिसीव्हरवर टॉर्च आडवी धरून बघितलं होतंस का? लाकडाच्या सांध्यात, बटप्लेटच्या कडेला लालसर चमक? स्क्रूला हात लावू देत नाही याचा अर्थ मी तरी एकच घेतो.

ओहायोकर
डाव्या बाजूला एवढं लक्ष दिलं नाही, पण बटप्लेटच्या फटीत तांबूस काहीतरी होतं खरं, मला वाटलं जुनं तेल असेल. मी त्याला मिसमॅचच्या भावात देतोस का विचारलं, नाही म्हणाला, मग सोडून दिली. तिथेच कोपऱ्यातल्या टेबलावर एक उघड उघड रशियन कॅप्चर आहे, एक्स, शेलॅक, पेन्सिलचा नंबर सगळं जागेवर, किंमतही परवडणारी. कधीतरी रेंजवर चार गोळ्या मारता येतील. घेऊ का?

टेक्सास_तात्या
बॅरल आतून बघ, बरी असेल तर घे की. बोल्टवर पेन्सिलच्या नंबरशेजारी जुना जर्मन नंबर रेघ मारलेला बहुतेक सापडेल, आणि खालच्या वाफेनआम्टवरून बोल्ट कुठल्या कारखान्यातून आला तेही कळेल, मजा येते शोधायला. फक्त बोल्ट मूळ जोडीचा नाही, त्यामुळे गोळी घालायच्या आधी गन्समिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात गोळीसाठी राहणारी जागा) तपासून घे. आणि लाकडाला सँडपेपर लावू नकोस.

पुणेरी_थ्रीनॉटथ्री
घेतलीत तर बोल्टच्या खालचा गरुड क्लोजअपमध्ये टाका इथे, आडव्या उजेडात.